पेप्टाइडे, अँटिऑक्सिडंट आणि स्तनांचा कर्करोग : पुरावा कसा वाचावा?

गेल्या काही वर्षांत 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द प्रयोगशाळेतून निघून किराणा दुकानाच्या फळीवर येऊन बसला आहे. चहाच्या पुड्यावर, बिस्किटांच्या वेष्टनावर, शक्तिवर्धक पावडरीच्या डब्यावर तो ठळक अक्षरांत छापलेला असतो. त्याच्या जोडीला अलीकडे 'पेप्टाइड' हा दुसरा शब्द आला आहे. अमुक कडधान्यातील पेप्टाइडांनी मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी नष्ट केल्या, अशा आशयाची बातमी अधूनमधून वृत्तपत्रात येते, भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरते, आणि मग पालकसभा संपल्यावर एखादी आई किंवा एखादा माजी विद्यार्थी आम्हांस विचारतो, "सर, हे खरे आहे का? घ्यावे का?"

आम्ही वैद्य नाही, इतिहासाचे शिक्षक आहोत. परंतु पुराव्याचे वजन करणे हाच इतिहासाच्या अभ्यासकाचा नित्याचा उद्योग असतो. समकालीन पत्र, ताम्रपट आणि घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेली बखर ही तिन्ही इतिहासाची साधनेच. पण तिघांचे वजन सारखे नसते. बखर खोटी म्हणून फेकून द्यायची नसते आणि ताम्रपटाइतकी प्रमाण मानायचीही नसते. ती काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे ओळखायचे असते. विज्ञानाच्या बातमीसही हाच न्याय लावावा लागतो. काचेच्या बशीतील पेशींवर केलेला प्रयोग हा खरा पुरावा आहे. पण तो कशाचा पुरावा आहे, हे समजून घेतल्यावाचून त्यावर पैसा आणि वेळ खर्च करणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, आमच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी ही बातमी स्वतः वाचावी आणि स्वतः पारखावी.

पेप्टाइड म्हणजे काय?

आपण खातो त्या डाळीत, दुधात, अंड्यात, मासळीत प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ही अमिनो आम्ले मुख्यतः २० प्रकारची असून त्यांच्या क्रमावरून साखळीचे गुणधर्म ठरतात. साखळी आखूड असली, म्हणजे २ ते साधारण ५० अमिनो आम्लांची असली, की तिला पेप्टाइड म्हणतात. आपल्या जठरात आणि आतड्यात अन्नातील प्रथिनांचे तुकडे होतात, तेव्हा मधल्या टप्प्यावर पेप्टाइडेच तयार होतात. दूध विरजले की दह्यात, डाळ-तांदूळ आंबवले की पिठातही ती वाढतात. तेव्हा पेप्टाइड हे काही परदेशातून आलेले नवल नव्हे. ज्या घरात डाळ शिजते त्या घरात ते रोज जेवणातून पोटात जाते.

शरीर स्वतःही पेप्टाइडे घडविते. मधुमेहींना ठाऊक असलेले इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे आहे. आकाराने ते पेप्टाइड आणि प्रथिन यांच्या सीमेवर येते. त्याची आठवण पुढे पुन्हा करावी लागेल.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, लोखंड पावसात राहिले की गंजते. या दोन्ही क्रियांना ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या शरीरातही ते क्षणोक्षणी चालू असते. पेशी अन्नापासून ऊर्जा मिळविताना ऑक्सिजन वापरतात. त्या व्यवहारात थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत सुटून जातो आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी उतावीळ द्रव्ये तयार होतात. त्यांतील काहींना मुक्त मूलके म्हणतात. ती शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात. प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि आनुवंशिक माहिती बाळगणारा डीएनए यांना इजा करतात. डीएनएची इजा वर्षानुवर्षे साचत गेली की पेशींची वाढ बेलगाम होण्याचा संभव वाढतो. येथून अँटिऑक्सिडंट आणि कर्करोग यांचा संबंध जोडला गेला.

या उतावीळ द्रव्यांना निरुपद्रवी करणारे ते अँटिऑक्सिडंट. शरीराने ही संरक्षणव्यवस्था स्वतःच उभारलेली आहे. सुपरऑक्साइड नाहीसे करणाऱ्या विकराचा शोध १९६९ साली अमेरिकेत मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी लावला. त्याच्याही आधी, १९२१ साली, केंब्रिजच्या हॉपकिन्स यांनी पेशींतून एक द्रव्य वेगळे करून त्यास ग्लुटाथायोन असे नाव दिले होते. ते अवघ्या ३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते असते आणि पेशीच्या संरक्षणाचा मोठा भार तेच उचलते. म्हणजे 'अँटिऑक्सिडंट पेप्टाइड' ही वस्तू निसर्गाने प्रत्येकाच्या शरीरात आधीच ठेवलेली आहे, तीही विनामूल्य.

प्रयोग कसा होतो?

आता बातमीतील प्रयोगाकडे वळू. संशोधक सोयाबीन, दूध किंवा मासळी यांतील प्रथिन घेतात, विकरांच्या साहाय्याने त्याचे तुकडे करतात आणि तुकडे आकारानुसार वेगळे काढतात. पहिली परीक्षा बहुधा रंगाची असते. डीपीपीएच नावाच्या द्रव्याचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात अँटिऑक्सिडंट घातले की जांभळा रंग उतरून ते पिवळसर होते. रंग जितका उतरेल तितका गुण अधिक. ही परीक्षा नळीतल्या रसायनाची आहे. तीत जिवंत पेशी नसते आणि रोगही नसतो. डब्यांवरील पुष्कळसे दावे एवढ्याच परीक्षेवर उभे असतात.

दुसरी पायरी पेशींची. येथे मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी वापरतात आणि त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध वाण म्हणजे एमसीएफ-७. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये सोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७० साली मिळविले व १९७३ मध्ये जाहीर केले. त्या पेशी ६९ वर्षांच्या एका ख्रिस्ती धर्मभगिनीच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून घेतल्या होत्या. आधीचे प्रयत्न फसले आणि सातव्या प्रयत्नात पेशी बशीत वाढू लागल्या, म्हणून नावात ७ हा आकडा आला. एमडीए-एमबी-२३१ हे दुसरे वाण १९७३ साली ह्यूस्टन येथे ५१ वर्षांच्या एका स्त्रीच्या शरीरातून मिळाले. त्या दोन्ही स्त्रिया केव्हाच गेल्या. त्यांच्या रोगाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत.

बशीतील पेशींचा इतिहास सांगताना हेन्रिएटा लॅक्स यांचे नाव टाळता येत नाही. बाल्टिमोर येथे १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी तिची संमती न घेता प्रयोगशाळेत वाढविल्या गेल्या. प्रयोगशाळेत सतत वाढत राहिलेले मानवी पेशींचे ते पहिले वाण. त्यावर अनेक मोठे शोध लागले, व्यापारही झाला, आणि कुटुंबास त्याची वार्ता वीसेक वर्षांनी लागली. 'पेशी' हा शब्द वाचताना तिच्यामागे एक माणूस होते, एवढे भान ठेवावे.

अशा पेशींवर पेप्टाइड घालून दोन दिवस ठेवतात आणि मग किती पेशी जगल्या ते मोजतात. मोजण्याची एक रूढ रीत मोसमान यांनी १९८३ साली सांगितली : एमटीटी नावाचा पिवळा क्षार घातला की जिवंत पेशी त्याचा जांभळा पदार्थ करतात, मेलेल्या पेशी करीत नाहीत. जांभळा रंग कमी म्हणजे जिवंत पेशी कमी. सोयाबीनमधील लुनासिन हे ४३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड या मार्गाने नावारूपास आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डी ल्युमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर प्रदीर्घ काम केले. स्तनकर्करोगाच्या पेशींची वाढ त्याने बशीत रोखल्याचे निबंध प्रसिद्ध आहेत, त्याच्या अँटिऑक्सिडंट गुणाचेही आहेत. हे काम प्रामाणिक आहे आणि मोलाचे आहे. मात्र स्तनकर्करोगावरील औषध म्हणून लुनासिनला मान्यता मिळालेली नाही.

चार प्रश्न

अशी बातमी हाती आली म्हणजे चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : कोणत्या पेशी? स्तनांचा कर्करोग हा एकच रोग नव्हे. एमसीएफ-७ पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राहक असतात. एमडीए-एमबी-२३१ पेशींवर ते नसतात. म्हणून एकीवर चालणारे औषध दुसरीवर निष्प्रभ ठरू शकते. शिवाय निरोगी पेशींवर त्याच मात्रेचा काय परिणाम झाला, हेही पाहावे लागते. बशीत मीठ जास्त झाले तरी पेशी मरतात. पेशी मारणे सोपे आहे. रोगट तेवढी मारून निरोगी राखणे कठीण आहे.

दुसरा प्रश्न : मात्रा किती? बशीत पेशीच्या अंगावर पेप्टाइडाचे द्रावण थेट ओतलेले असते. तेवढी तीव्रता रक्तात येण्यासाठी माणसाला किती खावे लागेल, याचा हिशेब बातमीत क्वचितच असतो.

तिसरा प्रश्न : ते तेथवर पोहोचते का? येथे इन्सुलिनची आठवण करावी. ते १९२२ साली प्रथम रुग्णास दिले गेले, तेव्हापासून ते मुख्यतः सुईनेच दिले जाते. कारण पोटात गेले की त्याचे तुकडे होऊन पचून जाते. बहुतेक पेप्टाइडांची हीच गत होते. काही अगदी लहान पेप्टाइडे आतड्यातून पार होतात हे खरे, परंतु डब्यातील पावडर गिळली आणि ती अखंड स्थितीत स्तनातील गाठीपर्यंत गेली, असे गृहीत धरण्यास आधार लागतो. तो आधार बशी देऊ शकत नाही, कारण बशीला पोट नसते.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तेथे लोकांची समजूत उलटी झालेली आहे : अँटिऑक्सिडंट कोणाचे रक्षण करील, रुग्णाचे की गाठीचे?

दुधारी गुण

कर्करोगाची पेशी घाईने वाढते, म्हणून तिच्यात मुक्त मूलकांचा ताण निरोगी पेशीपेक्षा अधिक असतो. त्या ताणाखाली मरू नये म्हणून ती स्वतःच भरपूर ग्लुटाथायोन बनविते. किरणोपचार आणि डॉक्सोरुबिसिनसारखी काही औषधे हा ताण आणखी वाढवून तिला मरणाच्या पलीकडे ढकलतात. निदान त्यांच्या कार्याचा एक भाग हा आहे. कर्करोगाच्या पेशी मारणारी कित्येक पेप्टाइडेही पेशीच्या आत ऑक्सिडीकरणाचा ताण कमी न करता उलट वाढवितात. म्हणजे 'अँटिऑक्सिडंट आहे' आणि 'कर्करोगाची पेशी मारते' ही दोन वाक्ये एकाच बातमीत आली, तरी एक दुसऱ्याचे कारण असेलच असे नाही. कधीकधी ती परस्परांच्या विरुद्ध असतात. डब्यावर मात्र ती शेजारी-शेजारी छापलेली असतात.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटांची मोठी चाचणी झाली. फुप्फुसाचा कर्करोग घटेल ही अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष आला तो असा की, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतील तशाच दुसऱ्या चाचणीत १८,३१४ स्त्री-पुरुष होते. तेथेही वाढ दिसली, ती २८ टक्क्यांची, आणि १९९६ साली ती चाचणी ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. पुढे सुमारे ३५ हजार पुरुषांच्या चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली जाहीर झाले. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ साली उंदरांवर दाखविले की, फुप्फुसातील गाठी अँटिऑक्सिडंटांमुळे अधिक वेगाने वाढल्या.

स्तनकर्करोगाविषयीही एक इशारा आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १,१३४ रुग्णांच्या निरीक्षणात, केमोथेरपीच्या आधी आणि ती चालू असताना अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले. आकडे लहान असल्याने तो अंतिम निर्णय मानता येत नाही. परंतु उपचार चालू असताना अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत, इतके सांगण्यास तो पुरेसा आहे.

यावरून कोणी फळे, भाज्या, डाळी सोडू नयेत. ताटातील अन्न आणि डब्यातील दाट अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आवळा खाल्ल्याने कोणाचे अकल्याण होत नाही. प्रश्न आहे तो अन्नातील एखादा अंश वेगळा काढून, शेकडो पटींनी दाट करून, औषध म्हणून विकण्याचा.

बशी ते खाट : किती अंतर?

मग बशीतले संशोधन व्यर्थ का? मुळीच नाही. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या नंदुरबारशी जोडलेले आहे. १९२५ साली नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत उत्तर कॅरोलिना येथे मन्रो वॉल यांच्यासमवेत संशोधन करू लागले. वॉशिंग्टन राज्यातील पॅसिफिक यू या वृक्षाची साल १९६२ साली गोळा करण्यात आली होती. त्या सालीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात, हा पहिला संकेत बशीतल्या पेशींनीच दिला. वॉल आणि वाणी यांनी त्यातील नेमके द्रव्य वेगळे काढले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. ते पेशीला विभागूच देत नाही, हे १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी उलगडले. त्यानंतर प्राणी, मग थोडे रुग्ण, मग अनेक रुग्ण अशा चाचण्या झाल्या आणि स्तनकर्करोगासाठी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली १९९४ साली. हे औषध म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. आज आपल्या देशातही स्तनकर्करोगाच्या रुग्णांना ते नित्य दिले जाते.

झाडाच्या सालीपासून स्तनकर्करोगाच्या रुग्णापर्यंत ३२ वर्षे लागली. या वाटेवर जी असंख्य द्रव्ये बशीत यशस्वी होऊन पुढे निकामी ठरली, त्यांची नावे कोणी लक्षात ठेवीत नाही. आज बातमीत असलेले पेप्टाइड या वाटेच्या पहिल्या टप्प्यावर उभे असते. डबा विकणारा मात्र ते मुक्कामी पोहोचल्यासारखे बोलतो.

पेप्टाइड मुक्कामी पोहोचल्याचेही उदाहरण आहे. गोसेरेलिन हे १० अमिनो आम्लांचे, प्रयोगशाळेत घडविलेले पेप्टाइड मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या संप्रेरक-संवेदी स्तनकर्करोगात वापरतात. ते बीजांडकोशातील इस्ट्रोजेनची निर्मिती थांबविते. ते गिळावयाचे नसते, पोटाच्या त्वचेखाली टोचावे लागते. आणि त्याचा उपयोग अँटिऑक्सिडंट म्हणून होत नाही. नेमके द्रव्य, नेमका मार्ग, नेमका रुग्ण आणि चाचण्यांचा आधार, या चार गोष्टी जुळल्या म्हणजे पेप्टाइडाचे औषध होते.

आज हाती असलेला पुरावा

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात स्तनकर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. भारतात नवे रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार आणि मृत्यू सुमारे ९८ हजार. हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जगात मृत्यूंचा आकडा नव्या रुग्णांच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे. आपल्याकडे तो निम्म्याहून अधिक आहे. आपल्या स्त्रियांचा रोग मुळातच अधिक घातक असतो, असे एवढ्यावरून ठरत नाही. मुख्य कारण हे की, त्या रुग्णालयात उशिरा पोहोचतात आणि पोहोचल्यावरही उपचार पुष्कळदा अर्धवट राहतात.

उशीर का होतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. एक दिवस दवाखान्यात गेला की एक दिवसाची मजुरी बुडते. गाठ दुखत नाही म्हणून ती मनावर घेतली जात नाही. छातीची गोष्ट नवऱ्याला, मुलाला सांगायची कशी, हा संकोच. आणि आता त्यात भर पडली आहे डब्याची. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या आईस, शेतमजुरी करणाऱ्या बाईस, गाठ लागली तेव्हा ती सुपारीएवढी होती. ओळखीच्या एकाने पेप्टाइडयुक्त पावडर सुचविली आणि कापाकापीवाचून बरे वाटेल असे सांगितले. दोन डबे संपेपर्यंत, तिसऱ्यासाठी उसने पैसे मिळवीपर्यंत आठ महिने गेले. रुग्णालयात नेले तेव्हा रोग काखेत उतरला होता. उपचार चालू आहेत, बाई धीराच्या आहेत. पावडरीने त्यांना अपाय केला की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. आठ महिन्यांनी मात्र केला.

याउलट, कोणतेही नवे द्रव्य न वापरता काय साधता येते, याचा पुरावा मुंबईतच आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईत एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया तीत होत्या. वस्त्यांचे २० गट पाडले, त्यांतील १० गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. मॅमोग्राफीचे यंत्र नाही, महागडी चाचणी नाही. शिकविलेली बोटे आणि घरोघर जाण्याची चिकाटी. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी सुमारे २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणी झालेल्या गटांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या तर मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरली नाही. ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही संशोधकांनी लपविले नाही. आपल्या निष्कर्षाची मर्यादा जो स्वतः सांगतो, त्या पुराव्यावर विश्वास ठेवावा, हा आमच्या विषयातलाही नियम आहे.

आता दोन्ही पुरावे तराजूत घालू. एका पारड्यात बशीतील पेशी, दोन दिवसांचा प्रयोग आणि उतरलेला रंग. दुसऱ्या पारड्यात दीड लाख जिवंत स्त्रिया, २० वर्षे आणि वाचलेले जीव. पहिल्या पारड्यातील संशोधन चालू राहिले पाहिजे. त्यातूनच उद्याचे पॅक्लिटॅक्सेल निघेल, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ते काढले तर या शाळेला त्याहून मोठा आनंद नाही. पण आज घरातील पैसा आणि वेळ कशावर खर्च करावा, याचे उत्तर दुसऱ्या पारड्यात आहे.

आमच्या कित्येक माजी विद्यार्थिनी आज परिचारिका आहेत, आशा सेविका आहेत, शिक्षिका आहेत. त्यांना विनंती की, वस्तीतील पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांना वर्षा-दोन वर्षांतून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात तपासणीस सोबत न्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. कागदपत्रे जुळवून देण्यास शिकलेल्या माणसाने अर्धा दिवस द्यावा. आणि ज्या घरात आईला किंवा आजीला वाचता येत नाही, त्या घरातील मुलाने अथवा मुलीने पुढील परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.

स्तनात किंवा काखेत गाठ हाताला लागली, मग ती दुखत नसली तरी. स्तनाची कातडी आत ओढली गेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली. बोंड आत वळले, त्यावर बरी न होणारी जखम झाली, किंवा त्यातून रक्त आले. एका स्तनाचा आकार अलीकडे बदलला. तर लाजू नये, घाबरू नये आणि थांबू नये. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण कोणती आहे आणि कोणती नाही हे घरी बसून ठरत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. कोणी पावडर सुचविली, तर आधी तपासणी, मग पावडरीचे बघू, असे सांगावे. लवकर सापडलेला हा रोग पुष्कळदा पूर्ण बरा होतो.